क्लिअरन्स, नो ड्यूज, बोजा, एनओसी : कोल्हापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बँकेच्या काउंटरवर, गावच्या चावडीत, आरटीओच्या रांगेत एकच वाक्य कानावर पडतं : "आधी क्लिअर करून आणा." काय क्लिअर करायचं, कुणाकडून आणि कोणत्या कागदावर, हे मात्र सहसा कुणी नीट सांगत नाही. पै-पै फेडून मोकळी झालेली माणसं केवळ एक जुनी नोंद राहून गेली म्हणून ऐन व्यवहारात अडकतात, ते बघवत नाही. म्हणून माझ्यासमोर पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न उत्तरांसह इथे लिहून ठेवले आहेत.

"सगळं क्लिअर आहे" असं कुणी सांगितलं तर पहिल्यांदा काय विचारावं?

कुणाच्या दप्तरात क्लिअर आहे, ते विचारा. बँकेचा नो ड्यूज दाखला एवढंच सांगतो की त्या खात्यावर त्या बँकेचं काही येणं उरलेलं नाही. सातबारावरचा बोजा, आरसी बुकावरचं फायनान्स कंपनीचं नाव, क्रेडिट रिपोर्टमधली नोंद या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या दप्तरांत असतात आणि त्या आपोआप निघत नाहीत. पैसे फिटणं ही एक पायरी, नाव निघणं ही दुसरी. या पानावरचे बहुतेक प्रश्न या दोन पायऱ्यांच्या मधल्या जागेतलेच आहेत.

चेक भरला, खात्यात रक्कम दिसायला लागली, तरी पैसे काढता येईनात. असं का?

कारण तो चेक अजून वटलेला नाही. तुमच्या बँकेने तो जमा करून घेतला, पण ज्याने चेक दिला त्याच्या बँकेने अजून होकार कळवलेला नाही. तोवर ती रक्कम पासबुकात दिसली तरी वापरता येत नाही.

पूर्वी चेकचा कागद या बँकेतून त्या बँकेत प्रत्यक्ष जायचा. आता चेक जिथे भरला तिथेच थांबतो, त्याचं स्कॅन केलेलं चित्र तेवढं पुढे जातं. ४ ऑक्टोबर २०२५ पासून गठ्ठे करून ठरावीक वेळी क्लिअरिंगला पाठवायची पद्धतही गेली. सकाळी ९ ते दुपारी ३ या वेळेत बँका चेक येतील तसे पाठवत राहतात. समोरच्या बँकेने संध्याकाळी ७ पर्यंत होय की नाही ते कळवायचं. काहीच कळवलं नाही तर चेक मान्य झाला असं धरतात. त्यामुळे सकाळी लक्ष्मीपुरीतल्या शाखेत भरलेला चेक त्याच दिवशी वटू शकतो. मात्र दुपारनंतर ड्रॉप बॉक्समध्ये टाकलेला चेक त्याच दिवशी स्कॅन होईलच असं नाही. घाईचा चेक काउंटरवर द्या आणि पावतीवर शिक्का घ्या.

चेक अडकण्याची कारणं बहुतेकदा साधी असतात. चेकवरच्या तारखेला तीन महिने उलटले की तो शिळा होतो. ही मुदत पूर्वी सहा महिने होती, १ एप्रिल २०१२ पासून तीन झाली, पण जुनी समजूत अजून गेलेली नाही. नाव किंवा रक्कम खोडून बाजूला सही केली तर तो चेक चालत नाही, नवा चेकच घ्यावा लागतो. आणि मोठ्या रकमेच्या चेकसाठी पॉझिटिव्ह पे आहे : चेक देणाऱ्याने नंबर, तारीख, नाव आणि रक्कम आपल्या बँकेला आधी कळवायची. ५०,००० रुपयांपासून पुढे ही सोय मिळते, ५ लाखांपासून पुढे बँक ती सक्तीची करू शकते. जागेच्या खरेदीला मोठा चेक घेत असाल तर देणाऱ्याला "पॉझिटिव्ह पे टाकलंय का?" हे दस्ताच्या आदल्या दिवशीच विचारा.

खातं पतसंस्थेत आहे. तिथे चेक भरला तर चालेल का?

पतसंस्था ही बँक नाही, तिला स्वतःचं क्लिअरिंग नसतं. तुमचा चेक संस्थेच्या एखाद्या बँकेतल्या खात्यामार्फत जातो, म्हणून वेळ जास्त लागतो. अकाउंट पेयी चेक अशा मार्गाने फक्त ५०,००० रुपयांपर्यंतच घेता येतो. त्याहून मोठा चेक येणार असेल तर बँकेत साधं बचत खातं असू द्या.

चेक न वटता परत आला. आता किती दिवस हातात आहेत?

इथे तारखांना फार महत्त्व आहे. चांगली केस नुसती तारीख चुकल्यामुळे हातची जाते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बँक चेकसोबत एक रिटर्न मेमो देते. त्यावर कारण लिहिलेलं असतं : खात्यात रक्कम अपुरी, पेमेंट थांबवलं, सही जुळत नाही, खातं बंद. हा मेमो जपून ठेवा आणि तो हातात पडल्याची तारीख त्याच दिवशी लिहून ठेवा. परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम १३८ प्रमाणे चेक परत आल्याचं कळल्यापासून ३० दिवसांच्या आत चेक देणाऱ्याला लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यापासून त्याला १५ दिवस मिळतात. त्या १५ दिवसांत पैसे आले नाहीत तर पुढच्या एक महिन्यात फौजदारी तक्रार दाखल करायची.

उदाहरण घेऊ. मेमो ५ जूनला मिळाला. नोटीस ५ जुलैच्या आत पाठवायची. समजा ती समोरच्याला १० जुलैला पोचली. त्याची मुदत २५ जुलैला संपते. तक्रार २५ ऑगस्टच्या आत दाखल व्हायला हवी. "पुढच्या आठवड्यात देतो, नोटीस कशाला पाठवतोस?" असं म्हणत समोरचा माणूस नेमके हेच दिवस काढून नेतो. चेक मुदतीत असेल तर तो पुन्हा भरता येतो, आणि तो पुन्हा न वटता आला तर त्या नव्या मेमोवरून नोटीस देता येते.

गुन्हा सिद्ध झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. २०१८ च्या दुरुस्तीनंतर खटला चालू असतानाच चेकच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई द्यायचा आदेश कोर्ट करू शकतं. तक्रार कुठे करायची, तर २०१५ च्या दुरुस्तीप्रमाणे चेक घेणाऱ्याचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात. म्हणजे पुण्याच्या व्यापाऱ्याने दिलेला चेक तुम्ही शाहूपुरीतल्या आपल्या खात्यात भरला असेल तर केस कोल्हापुरात चालते. प्रकरण हायकोर्टात गेलं तरी आता मुंबई गाठावी लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतं.

सही केलेला कोरा चेक कुणाला दिला असेल तर सावध राहा. असा चेक भरला गेला तर तो देण्यापोटीच दिला असं कायदा गृहीत धरतो, आणि देणं नव्हतं हे दाखवून द्यायची जबाबदारी सही करणाऱ्यावर येते.

एनईएफटी, आरटीजीएस, यूपीआयलाही क्लिअरिंग लागतं का?

लागतं, पण ते तुम्हाला जाणवत नाही. एनईएफटीचे हिशेब दर अर्ध्या तासाला जुळवले जातात. आरटीजीएसमध्ये प्रत्येक रक्कम सुटी आणि तत्काळ जाते, मात्र किमान २ लाख रुपये लागतात. दोन्ही सेवा वर्षभर चोवीस तास चालू असतात. शेअर बाजारातही असंच आहे. तुमच्या आणि विकणाऱ्याच्या मध्ये क्लिअरिंग कॉर्पोरेशन उभी असते, ती दोघांनाही हमी देते, आणि आज केलेल्या सौद्याचा व्यवहार दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी पुरा होतो.

गृहकर्ज फिटलं. बँक मूळ कागदपत्रं देताना "हेड ऑफिसवरून यायचीत" म्हणते. किती थांबायचं?

३० दिवस. रिझर्व्ह बँकेने १३ सप्टेंबर २०२३ ला याबद्दल स्पष्ट आदेश काढला आहे. कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत सगळी मूळ कागदपत्रं परत द्यायची आणि नोंदवलेला बोजाही काढायचा. उशीर बँकेमुळे झाला तर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५,००० रुपये भरपाई. १ डिसेंबर २०२३ पासून पुढे ज्यांची कागदपत्रं परत मिळायला हवीत त्या सगळ्यांना हे लागू आहे, आणि नागरी सहकारी बँका, जिल्हा बँक आणि फायनान्स कंपन्याही त्यात येतात. कागद बँकेकडून गहाळ झाले तर नकला काढायला मदत करणं आणि खर्च सोसणं हेही बँकेचंच काम. त्यासाठी तिला आणखी ३० दिवस मिळतात.

शाखेत जाताना हात हलवत जाऊ नका. कर्ज घेताना बँकेने जमा कागदांची यादी दिलेली असते, ती काढा. एकेक कागद त्या यादीशी ताडून घ्या : मूळ खरेदीखत, आधीच्या मालकाचं खरेदीखत, नोंदणीची पावती, सूची क्रमांक २ (नोंदवलेल्या दस्ताचा सारांश). साखळीतलं जुनं खरेदीखत राहून गेलं तर ते दहा वर्षांनी घर विकताना आठवतं, तेव्हा ती शाखाही दुसऱ्या बँकेत विलीन झालेली असते.

कागद हातात आले म्हणजे काम संपलं असं नाही. गहाणखत नोंदणीकृत असेल तर कर्जमुक्तीचा दस्तही दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो. शिवाय सरसाई या केंद्रीय नोंदणीतली बँकेची नोंद निघाली का, ते विचारा. थोडी फी भरून तिथे कुणालाही शोध घेता येतो. बँक दाद देत नसेल तर आधी तिच्याकडेच लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याला पैसे लागत नाहीत आणि वकीलही लागत नाही.

पतसंस्थेचं कर्ज फेडलं. ५,००० रुपयांचा नियम तिथेही लागतो का?

नाही. पतसंस्था सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात, रिझर्व्ह बँकेच्या नाही. तक्रार उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करायची. म्हणून पतसंस्थेत शेवटचा हप्ता भरतानाच निल दाखला, तारण कागद आणि आगाऊ दिलेले सगळे चेक एकाच वेळी मागून घ्या. "नंतर या" म्हटलं तर तिथेच अर्ज लिहून पोच घ्या.

सोसायटीचं कर्ज कधीच फिटलंय, तरी सातबारावर बोजा दिसतो. तो कसा काढायचा?

कोल्हापूर जिल्ह्यात सगळ्यात जास्त माणसं अडकतात ती इथे.

विकास सेवा सोसायटीचं कर्ज घेताना शेतकरी आपल्या जमिनीवर इकरार, म्हणजे जमीन तारण ठेवल्याचा करार, लिहून देतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४८ खाली त्या जमिनीवर संस्थेचा बोजा चढतो आणि सातबाराच्या 'इतर हक्क' रकान्यात त्याची नोंद होते. कर्ज फिटेपर्यंत ती जमीन विकता येत नाही, आणि विकली तर तो व्यवहार रद्दबातल ठरतो. म्हणूनच घेणाऱ्याचा वकील त्या एका ओळीवर बोट ठेवून थांबतो.

करवीर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा उतारा माझ्यासमोर आला होता. इतर हक्कात सोसायटीचं नाव, 'इकरार' हा शब्द, रक्कम आणि शेजारी कंसात फेरफार क्रमांक. इकरार त्यांच्या वडिलांनी केलेला. "आबांनी कर्ज कवाच फेडलंय की ओ," ते पुन्हा पुन्हा सांगत होते, आणि ते खरंच होतं. पण पावती सापडत नव्हती, तेव्हाचे गटसचिवही राहिले नव्हते. अशा वेळी पावती शोधत घर उलथंपालथं करू नका. संस्थेच्या दप्तरात कर्ज खतावणी असते. सभासदाच्या नावाने त्या खात्याचा उतारा मागा, बाकी शून्य दाखवणारी ओळ त्यात असतेच. त्यावरून संस्था आजच्या तारखेचा निल दाखला देऊ शकते. त्यांचं काम तसंच झालं.

आता दाखल्यानंतरची पायरी. तो दाखला जोडून ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपण अजून ज्यांना तलाठी म्हणतो त्यांच्याकडे, बोजा कमी करण्याचा अर्ज द्यायचा. ई-हक्क प्रणालीवर हा अर्ज ऑनलाइनही करता येतो. फेरफार धरला जातो आणि मंडळ अधिकाऱ्याने तो मंजूर केला की रकान्यातली ओळ निघते. अर्ज दिला म्हणून घरी बसू नका. फेरफार मंजूर झाल्यावर १५ रुपये भरून डिजिटल सहीचा नवा सातबारा काढा आणि 'इतर हक्क' स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. गट दोन-तीन असतील तर प्रत्येक गटाचा उतारा वेगळा काढा. बोजा सगळ्यांवर चढवलेला असतो, आणि कमी करताना एखादा गट अर्जात लिहायचाच राहतो.

आणखी एक. मालक वारले असतील तर वारस नोंद आधी करून घ्या. मयताच्या नावावर उतारा असताना पुढचा कोणताच व्यवहार हलत नाही.

ऊस बिलातून कर्ज कापलं गेलं. मग सोसायटीत ते जमा झालंच असणार ना?

कापलं गेलं आणि जमा झालं यात काही दिवसांचं अंतर असू शकतं. त्याच सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ४८-अ प्रमाणे सभासदाने संमती दिलेली असते, म्हणून कारखाना बिलातून रक्कम वळती करून घेतो. ती रक्कम पुढे सोसायटीच्या खात्यावर आणि तिथून तुमच्या कर्ज खात्यावर पडायची असते. व्याज मात्र ती तुमच्या खात्यावर पडेपर्यंत मोजलं जातं. बिलाची पट्टी फेकू नका. वर्षअखेरीस सोसायटीतला उतारा आणि बिलाच्या पट्ट्या शेजारी ठेवून कपातीची प्रत्येक रक्कम जुळवा.

फ्लॅट घेतोय. बिल्डर म्हणतो, "टायटल क्लिअर आहे, बँकेने लोन पास केलंय." एवढं पुरेसं आहे का?

नाही. बँकेचा वकील बँकेचे पैसे सुरक्षित आहेत का एवढंच बघतो. तुमचा हक्क तुम्हीच तपासून घ्यायला हवा, आणि आयुष्यभराची कमाई घालताना स्वतःच्या वकिलाची फी वाचवू नये असं माझं ठाम मत आहे.

वकील साधारण ३० वर्षांचा शोध घेतो. गहाण टाकलेली मिळकत सोडवून मागण्याची मुदत ३० वर्षांची आहे, म्हणून तेवढं मागे जायचं. दुय्यम निबंधकाकडची सूची पाहिली की त्या काळात खरेदी, गहाण, बक्षीसपत्र, हक्कसोड काय काय झालं ते कळतं. शहरातल्या जागेला सातबाराऐवजी सिटी सर्व्हेचा उतारा असतो, आणि कोल्हापुरात त्यावर वॉर्ड लिहिलेला असतो. राजारामपुरी, शाहूपुरी ई वॉर्डात येतात. सिटी सर्व्हे नंबर बरोबर आणि वॉर्ड चुकीचा असला तर शोध भलत्याच मिळकतीचा निघतो, हे फी भरण्याआधी एकदा बघून घ्या.

पेठांमधल्या जुन्या घरांत आणखी एक गोष्ट तपासा. शिवाजी पेठ किंवा मंगळवार पेठेतल्या घरावर तीन पिढ्यांची नावं असतात, आणि लग्न होऊन गेलेल्या बहिणींचा हिस्सा कुणी विचारातच घेतलेला नसतो. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. त्यांची सही किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र नसेल तर ते टायटल क्लिअर नाही, मग घरात कितीही गोडीगुलाबी असो.

इमारत नवी असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक आणि महापालिकेचं भोगवटा प्रमाणपत्र मागा. ५०० चौरस मीटरहून मोठ्या जागेवरचा आणि आठहून जास्त सदनिकांचा प्रकल्प रेरात नोंदवावाच लागतो. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली होती का, तिला कुणाची हरकत आली होती का, तेही लेखी घ्या. नोटीस दिल्याने टायटल शुद्ध होत नाही, हरकतदाराला पुढे येण्याची संधी मिळते, इतकाच तिचा अर्थ.

जुना फ्लॅट घेताना हौसिंग सोसायटीची एनओसी लागतेच का?

आदर्श उपविधींप्रमाणे सदनिका हस्तांतरित करायला सोसायटीच्या ना हरकत दाखल्याची अट नाही. बँकेला कर्जासाठी तो हवा असतो, म्हणून मागितला जातो. सोसायटीची थकबाकी आहे का, हे मात्र जरूर विचारा, कारण शेवटी ती तुमच्याच माथी येते.

गावाकडची जमीन स्वस्तात मिळतेय, पण उताऱ्यावर 'देवस्थान इनाम' लिहिलंय. घ्यावी का?

नको. कोल्हापूर, सांगली, सिंधुदुर्ग या भागात देवस्थानच्या जमिनी पुष्कळ आहेत, आणि त्यांतल्या अनेक देवस्थानांचा कारभार पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीकडे आहे. वर्ग ३ च्या देवस्थान इनामात कसणाऱ्याला ताबा असतो, विकण्याचा अधिकार नसतो. नुसत्या स्टँपवर नोटरी करून दिलेल्या 'ताबेसाठेखता'ला इथे काही अर्थ नाही. 'भोगवटादार वर्ग २' लिहिलेल्या जमिनीचं वेगळं आहे. ती सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीने हस्तांतरित होऊ शकते, पण परवानगी आधी आणि इसार नंतर.

मित्राच्या कर्जाला जामीन राहिलो होतो. त्याने कर्ज फेडलं म्हणतो. मी सुटलो का?

त्याच्या शब्दावर सुटत नाही. भारतीय करार अधिनियमाप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. संस्था आधी त्याच्याकडेच मागेल असंही बंधन नाही. म्हणून जामीनदार म्हणून तुमच्या नावाने वेगळं मुक्ततेचं पत्र मागा, तुमचे चेक आणि पगारकपातीचं हमीपत्र परत घ्या. जामीनकी क्रेडिट रिपोर्टमध्येही दिसते. प्रत्येक क्रेडिट कंपनीने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो, तो काढून बघा. आणि कर्ज तुम्हालाच फेडावं लागलं असेल तर संस्थेचे जे हक्क कर्जदारावर आणि त्याच्या तारणावर होते ते आता तुमच्याकडे येतात, हे फार थोड्या जामीनदारांना माहीत असतं.

एकरकमी तडजोड करून कर्ज मिटवलं. दाखला मिळाला. मग नवं कर्ज का नाकारतात?

कारण रिपोर्टमध्ये 'क्लोज्ड' नाही, 'सेटल्ड' लिहिलंय. म्हणजे पूर्ण रक्कम न घेता बँकेने विषय संपवला. तडजोड वाईट नाही, घरातल्या आजारपणात किंवा पुरात धंदा बुडाल्यावर ती माणसाला तारते. पण सही करण्याआधी हा परिणाम माहीत असावा. उरलेली रक्कम नंतर भरून नोंद बदलून मिळते का, हे त्याच बँकेला लेखी विचारता येतं. नोंदच चुकीची असेल तर तक्रारीनंतर ३० दिवसांत ती दुरुस्त व्हायला हवी. नाही झाली तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद आहे.

गाडीचं कर्ज संपलं. एनओसी आली. कपाटात ठेवली तर चालेल ना?

चालणार नाही. बहुतेक एनओसींवर मुदत छापलेली असते. फॉर्म ३५ वर फायनान्स कंपनीची आणि तुमची सही घेऊन आरटीओत अर्ज करा, आरसीवरचा बोजा उतरवा. मग विमा पॉलिसीवरचंही फायनान्स कंपनीचं नाव काढून घ्या, नाहीतर गाडीचं मोठं नुकसान झाल्यावर भरपाईचा चेक तिच्या नावाने निघतो. एमएच ०९ ची गाडी परराज्यात कायमची न्यायची तर ती एनओसी निराळी, फॉर्म २८ ची.

शिरोलीतून कास्टिंग परदेशी पाठवलं. एजंट म्हणतो कस्टम क्लिअर झालं. मग बँकेची चिठ्ठी कशाला आली?

कस्टमने माल जायला परवानगी दिली, एवढंच क्लिअर झालं. निर्यातदार शिपिंग बिल भरतो, अधिकारी तपासणी करून निर्यातीचा आदेश देतो, माल न्हावा शेव्यातून जहाजावर चढतो. कस्टम अधिनियम, १९६२ पुरतं काम झालं. पण त्याच शिपिंग बिलाची नोंद बँकेच्या यंत्रणेतही उघडते, आणि परदेशातून आलेले पैसे त्या बिलाशी जुळवेपर्यंत ती उघडीच राहते. पैसे आले पण कोणत्या बिलापोटी ते कळवलंच नाही, हे कारण मी सगळ्यात जास्त पाहिलं आहे. प्रत्येक रक्कम आली की बिल क्रमांक लिहून बँकेला लगेच पत्र द्या. जीएसटीचं हमीपत्र, म्हणजे एलयूटी, दर आर्थिक वर्षाला नव्याने भरायचं, तेही एप्रिल उजाडण्याआधी.

चपलांचे थोडेच जोड परदेशी पाठवणाऱ्या कारागिराला एवढा पसारा लागत नाही. आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा परवाना क्रमांक, काढून पोस्टाच्या डाकघर निर्यात केंद्रामार्फत पार्सल पाठवता येतं, कस्टमची कागदपत्रं तिथेच ऑनलाइन भरली जातात.

आयात करणाऱ्यांनी दिवस मोजावेत. माल बंदरात पडून राहिला की भाडं चढत जातं, आणि बिल ऑफ एंट्री उशिरा भरलं तर वर दंड.

नोकरी सोडली. कंपनी म्हणते, "क्लिअरन्स फॉर्मवर सगळ्या सह्या झाल्याशिवाय पीएफ नाही." हे बरोबर आहे का?

नाही. हत्यारं, गणवेश, ओळखपत्र परत मागणं कंपनीच्या हक्कात आहे. पीएफ मात्र तुमचा आहे आणि त्या फॉर्मशी त्याचा संबंध नाही. कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरली नाही तर दोन महिन्यांनी ती तुम्ही स्वतः पीएफच्या ऑनलाइन यूएएन खात्यातून भरू शकता. ग्रॅच्युइटी देय झाल्यापासून ३० दिवसांत मिळायला हवी.

मुलगा दुबईला चाललाय. आयकर खात्याचं क्लिअरन्स लागेल का?

जवळजवळ नक्की नाही. २०२४ मध्ये यावरून अफवा उठल्या होत्या, तेव्हा केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने खुलासा केला : गंभीर आर्थिक गैरव्यवहारात नाव असेल, किंवा १० लाखांहून जास्त कर थकला असेल आणि त्याला स्थगिती नसेल, अशा मोजक्यांनाच ते मागतात. त्याला लागेल ते पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट, आणि त्याचा अर्ज पासपोर्टच्या संकेतस्थळावर करायचा. गावातल्या नोकरीसाठी लागणारा चारित्र्य पडताळणीचा दाखला वेगळा, तो दुबईत चालत नाही.

क्लिअरन्स सेलमध्ये घेतलेली साडी फाटकी निघाली. दुकानदार "सेलचा माल परत नाही" म्हणतो.

पाटी लावली म्हणून कायदा बदलत नाही. बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, दोष असलेला माल परत घ्यायला नकार देणं ही ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. रंग आवडला नाही म्हणून परत करायचा हक्क मात्र यात येत नाही. महाद्वार रोडवर गर्दीत खरेदी करतानाही बिल मागून घ्या.

वडील अचानक गेले. त्यांच्या नावावर कुठे काय देणं आहे, ते आम्हाला माहीत नाही. कुठून सुरुवात करायची?

आधी घाबरू नका. वडिलांचं देणं मुलांनी स्वतःच्या कमाईतून फेडावं असा कायदा नाही. वारसाची जबाबदारी त्याला मिळालेल्या मिळकतीपुरतीच असते. तुम्ही स्वतः सहकर्जदार किंवा जामीनदार असाल तर गोष्ट वेगळी. दारात आलेल्या वसुलीवाल्यासमोर, दुःखाच्या त्या दिवसांत, कोणत्याही कागदावर सही करू नका. "लेखी पत्र द्या" एवढंच सांगा.

मग एकेक दप्तर तपासत जा. वडिलांच्या सगळ्या गटांचे सातबारा आणि ८अ (त्यांच्या नावावरच्या जमिनींचा खाते उतारा) काढा, इतर हक्क वाचा. सिटी सर्व्हेचा उतारा काढा. गावच्या सोसायटीत आणि ज्या पतसंस्थांची पासबुकं सापडतील तिथे मृत्यूचा दाखला जोडून लेखी विचारा : कर्ज किती, जामीन कुणाला, ठेव आणि शेअर किती. बँक खात्याचा दोन वर्षांचा उतारा घेतला की दर महिन्याला कापला जाणारा हप्ता आणि विम्याचा हप्ता त्यात दिसतो. ती विम्याची ओळ काळजीने शोधा. कर्ज देताना बँका आणि फायनान्स कंपन्या बहुतेकदा त्याला जोडून विमा उतरवतात, तो हप्ता कर्जाच्या रकमेतच धरलेला असतो आणि घरच्यांना त्याची कल्पनाही नसते. तसा विमा असेल तर हप्ते भरत राहण्याआधी शाखेकडे पॉलिसीची प्रत मागा आणि दावा दाखल करा.